अंगणातलं झाड कोणतं? उत्तर अमेरिकेतली हार्डवुड झाडं ओळखायला शिकताना

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात पाच मोठी झाडं होती. घर घेण्याआधी छप्पर, पाया, बॉयलर सगळं तपासून घेतलं होतं, पण झाडांची नावं विचारायचं सुचलंसुद्धा नाही. तिसऱ्या वर्षी एका झाडाचा शेंडा वाळला. खोडावर बारीक भोकं दिसायला लागली आणि एका वादळी रात्री त्याची जाड फांदी शेजाऱ्यांच्या कुंपणावर पडली. झाड तोडायला आलेला माणूस लांबूनच म्हणाला, "अ‍ॅश आहे. दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं असतं तर वाचलं असतं." त्या दिवसापासून मी झाडं ओळखायला शिकायला लागले.

हा लेख माझ्यासारख्या नवख्यांसाठी आहे. आपण गावाकडे आंबा, जांभूळ, चिंच ओळखायला कधी शिकलो ते आठवतही नाही. इथे मात्र सगळ्या हिरव्या गर्दीला आपण 'झाडं' एवढंच म्हणतो. मी जे लिहितेय ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागाबद्दल आहे: न्यू इंग्लंड, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, खाली व्हर्जिनिया, पश्चिमेला मिशिगन-इलिनॉय आणि वर ऑन्टारिओ-क्वेबेक. कॅलिफोर्निया किंवा सिअ‍ॅटलकडची झाडं बरीच वेगळी आहेत, पण ओळखायची रीत तिथेही हीच.

आधी 'हार्डवुड' शब्दाचं बघू

या शब्दाने सगळेच फसतात. रुंद पानांच्या, फुलं-फळं धरणाऱ्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड. सुयांसारखी पानं आणि शंकू असलेल्या पाइन, स्प्रूस, हेमलॉकचं ते सॉफ्टवुड. लाकूड हाताला कठीण लागतं की मऊ, याच्याशी या नावाचा संबंध नाही. आपला सागवान, बाभूळ, आंबा हे सगळे हार्डवुड, आणि हिमालयातला देवदार सॉफ्टवुड. नखाने दबणारं बाल्साही हार्डवुडच.

खरा कठीणपणा जान्का चाचणीने मोजतात. एक छोटी पोलादी गोळी अर्ध्यापर्यंत लाकडात रुतवायला किती पौंड जोर लागतो, तो आकडा. बासवुड ४१०, ट्युलिप पॉप्लर ५४०, चेरी ९५०, ब्लॅक वॉलनट १,०१०, रेड ओक १,२९०, व्हाइट ओक १,३६०, शुगर मेपल १,४५० आणि हिकरी १,८०० च्या पुढे. सागवान या रांगेत वॉलनटच्या आसपास बसतो. आकडे पाठ करायची गरज नाही, क्रम लक्षात राहिला तरी पुष्कळ.

बाहेर पडण्याआधी दोन गोष्टी

पहिली म्हणजे पॉयझन आयव्ही. तीन-तीनच्या झुपक्यात पानं, मधल्या पानाचा देठ जरा लांब, आणि झाडावर चढलेला वेल असेल तर त्याला दाट केसाळ मुळं. ही आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातली वनस्पती. बिब्बा उतला की कातडीची जी गत होते, तीच हिच्या तेलाने होते. हिवाळ्यात पानं नसली तरी वेलात ते तेल असतंच, म्हणून केसाळ वेल चढलेल्या खोडाला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट गोचिडीची. काळ्या पायांची गोचीड चावली तर लाइम रोग होऊ शकतो, आणि तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागची जागा, कानामागे आणि केसांत नीट बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

पायरी १: पान नंतर, आधी डहाळी

नवखा माणूस पानाच्या आकाराकडे बघतो आणि तिथेच चुकतो. मीही स्वीटगमला वर्षभर मेपल म्हणत होते. पहिला प्रश्न हा विचारा: डहाळीवर पानं समोरासमोर जोडीने आली आहेत, की एकाआड एक? पेरू, सागवान, तुळस यांची पानं समोरासमोर असतात. वड-पिंपळाची एकाआड एक.

इथल्या मोठ्या झाडांत समोरासमोर पानांची झाडं थोडी आहेत, म्हणून हा प्रश्न इतका कामाचा. मेपल, अ‍ॅश, डॉगवुड आणि हॉर्स चेस्टनट-बकाय, इतकी नावं लक्षात ठेवली की रस्त्यावरची बहुतेक प्रकरणं मिटतात. इथली मंडळी पहिल्या तिघांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'मॅड हॉर्स' असं पाठ करतात. बागांत लावलेला मोठ्या पानांचा कटाल्पाही याच बाजूचा. ओक, हिकरी, वॉलनट, चेरी, बीच, बर्च, एल्म, सिकमोर हे सगळे एकाआड एक.

पानं गळली तरी ही खूण जात नाही. डहाळीवर गळालेल्या पानाचा व्रण असतो आणि त्याच्यावर पुढच्या वर्षीचा डोळा. ते डोळे समोरासमोर आहेत का, ते बघा. एक-दोन डहाळ्यांवर विसंबू नका, कारण जोडीतली एक फांदी मोडून पडलेली असू शकते.

पायरी २: हे पान आहे की पानाचा तुकडा?

गुढीला आपण कडुलिंबाचा डहाळा बांधतो. त्यावरचं जे छोटं छोटं 'पान' म्हणून चावतो, ती खरं तर पर्णिका. अख्खी लांब दांडी मिळून एक पान होतं. याला संयुक्त पान म्हणतात. ओळखायची खूण अशी की पानाच्या देठाच्या बुडाशी डोळा असतो, पर्णिकेच्या बुडाशी नसतो.

आता दोन्ही पायऱ्या जोडा. समोरासमोर आणि संयुक्त, पाच ते नऊ पर्णिका: अ‍ॅश. समोरासमोर आणि काटेसावरीसारखं पंजाच्या आकाराचं संयुक्त पान: हॉर्स चेस्टनट किंवा बकाय. एकाआड एक आणि संयुक्त, पाच-सात मोठ्या पर्णिका: हिकरी. पंधरा किंवा त्याहून जास्त पर्णिका: ब्लॅक वॉलनट. छोट्या गोलसर पर्णिका आणि देठाशी काट्यांची जोडी: ब्लॅक लोकस्ट, ज्याचं लाकूड इतकं टिकाऊ की कुंपणाचे खांब वर्षानुवर्षं मातीत कुजत नाहीत.

शेतातल्या कडुलिंबासारखं दिसणारं, रेल्वेच्या कडेला आणि पार्किंगच्या भेगांतून उगवणारं एक झाड तुम्हाला सगळीकडे दिसेल. ते चीनमधून आलेलं ट्री ऑफ हेवन. पर्णिका चुरगळली की खवट शेंगदाण्यांसारखा वास येतो. अक्रोड समजून त्याला जपू नका, ते सगळीकडे पसरतं.

हॉर्स चेस्टनटबद्दल एक सावधगिरीचा शब्द. शरद ऋतूत त्याच्या खाली चकचकीत तपकिरी बिया पडतात आणि बाजारात भाजून खायचे चेस्टनट मिळतात त्यांच्यासारख्या दिसतात. त्या विषारी आहेत. खायच्या चेस्टनटच्या टरफलावर सुयांसारखे दाट काटे असतात आणि बीला टोक असतं. हॉर्स चेस्टनटच्या टरफलावर विरळ जाडसर काटे आणि बी गुळगुळीत, बिनटोकाची.

पायरी ३: मेपल आणि ओक नीट शिकून घ्या

ही दोन घराणी पक्की झाली की पूर्वेकडचं निम्मं जंगल ओळखीचं वाटायला लागतं, म्हणून इथे वेळ घाला.

मेपलचं पान बोटं पसरलेल्या तळहातासारखं. शुगर मेपलला बहुधा पाच बोटं, बोटांमधल्या खाचा गोलाकार आणि कडा साफ, करवतीचे दाते नसलेल्या. रेड मेपलच्या खाचा टोकदार आणि कडा दंतुर. देठ, कोवळी डहाळी, वसंतातली फुलं यांत कुठेतरी लाल रंग असतोच. सिल्व्हर मेपलचं पान खोल कापलेलं आणि मागून चंदेरी. नॉर्वे मेपल शुगर मेपलसारखाच दिसतो, पण पानाचा देठ तोडला की वडासारखा पांढरा चीक येतो. तो युरोपातून आणून शहरांत लावलेला, आणि आता जंगलात घुसून स्थानिक झाडांची जागा खातो. बॉक्स एल्डर हाही मेपलच, पण त्याचं पान संयुक्त. त्याचं तीन पर्णिकांचं रोपटं पॉयझन आयव्हीसारखं दिसतं. तिथेही डहाळी सोडवते: बॉक्स एल्डर समोरासमोर, पॉयझन आयव्ही एकाआड एक.

शुगर मेपलचा गोड रस हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळण्याइतकी ऊब असते तेव्हा वाहतो. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर मेपल सिरप मिळतं. ही विद्या अनिशिनाबे, हॉडेनोशोनी अशा मूळ रहिवाशांची. मार्चमध्ये एखाद्या शुगर शॅकला जरूर जा: चुलाणावरची रुंद कढई, छपरातून बाहेर पडणारी वाफ, हवेत गोड चिकट वास. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. जगातलं बहुतेक मेपल सिरप क्वेबेकमधून येतं. याच झाडाच्या लाकडाला हार्ड मेपल म्हणतात आणि बास्केटबॉलची मैदानं त्याचीच असतात, कारण ते कठीण असतं, रेषा बारीक असतात आणि चेंडू एकसारखा उसळतो.

ओकची दोन घराणी. व्हाइट ओकच्या पानाचे खंड गोलाकार, लाटेसारखे. रेड ओकच्या पानाचे खंड टोकदार आणि प्रत्येक टोकाला केसासारखा काटा. ओकचं फळ एकॉर्न, म्हणजे टोपी घातलेली सुपारीच. व्हाइट ओकचं एकॉर्न एका वर्षात पिकतं आणि पडल्या पडल्या त्याच शरदात रुजतं. रेड ओकच्या फळाला पिकायला दोन वर्षं लागतात आणि ते पुढच्या वसंतात रुजतं. शहरात खालच्या फांद्या जमिनीकडे झुकलेला ओक दिसला तर तो बहुधा पिन ओक, रेड ओकच्या घराण्यातला.

लाकडातही दोघांत मोठा फरक आहे. ओकच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या उभ्या नळ्या डोळ्यांना दिसतात. रेड ओकच्या त्या मोकळ्या असतात. छोटा तुकडा घ्या, एक टोक पाण्यात बुडवा, दुसऱ्या टोकातून फुंका, पाण्यात बुडबुडे येतात. मी हे मुलीसमोर करून दाखवलं तेव्हा तिने दुपारभर तो तुकडा सोडला नाही. व्हाइट ओकच्या गाभ्यातल्या नळ्या मात्र पडद्यांनी बुजलेल्या असतात. म्हणून पिंपं आणि बोटी व्हाइट ओकच्या. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, आणि ते ओक जवळजवळ नेहमी व्हाइट ओक असतं. १७९७ मध्ये बॉस्टनमध्ये पाण्यात उतरलेलं युद्धजहाज 'कॉन्स्टिट्यूशन' व्हाइट ओक आणि दक्षिणेतल्या लाइव्ह ओकचं. आमच्या राज्यातलं बास्किंग रिजच्या चर्चजवळचं व्हाइट ओक सुमारे ६०० वर्षांचं होतं. ते वाळल्यावर २०१७ मध्ये उतरवलं.

पायरी ४: साल, फळ आणि वास

हिवाळ्यात सालीवरूनच ओळख पटते, आणि मला तर हिवाळाच शिकायला बरा वाटतो. पानांचा गोंधळ नसतो.

बीचची साल म्हाताऱ्या झाडावरही राखाडी आणि गुळगुळीत, डोळे लांब आणि अणकुचीदार, आणि वाळलेली फिक्कट पानं कोवळ्या झाडांवर वसंतापर्यंत लटकून राहतात. शॅगबार्क हिकरीची साल लांब पट्ट्यांनी सुटून खोडावर लोंबते, एकदा पाहिली की विसरत नाही. हिकरीचं लाकूड कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांसाठी आणि मांस धुरावण्यासाठी. आपण खातो ते पिकान हे हिकरीचंच भावंड. ब्लॅक चेरीची साल जळक्या कॉर्नफ्लेक्ससारखी खपल्या धरलेली. डहाळी खरवडली तर कडू बदामाचा वास येतो. त्या वासामागे सायनाइड तयार करणारं द्रव्य आहे आणि कोमेजलेली पानं खाऊन गुरं मरतात. पेपर बर्चची पांढरी साल कागदासारखी सुटते, तिच्या होड्या होत. पण जिवंत झाडाची साल सोलू नका. यलो बर्च किंवा ब्लॅक बर्चची डहाळी खरवडून हुंगा, दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास येतो, कारण द्रव्य तेच आहे.

सिकमोरची साल खपल्यांनी गळून खाली हिरवट-पांढरे डाग दिसतात. न्यू यॉर्कच्या फुटपाथवर असं झाड दिसलं तर ते बहुधा लंडन प्लेन, अमेरिकन सिकमोर आणि पूर्वेकडच्या प्लेनचा संकर. तो पूर्वेकडचा प्लेन म्हणजेच काश्मीरचा चिनार.

ट्युलिप पॉप्लर माझं आवडतं. नावात पॉप्लर असलं तरी हे मॅग्नोलियाच्या, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं. पानाचा शेंडा कात्रीने कापून टाकल्यासारखा, खोड सरळसोट, आणि मे-जूनमध्ये उंचावर हिरवट-पिवळी, आत नारिंगी पट्टा असलेली फुलं. फुलं वर असल्याने दिसत नाहीत, खाली पडलेल्या पाकळ्यांवरून कळतं. लाकूड स्वस्त आणि मऊ, रंग द्यायच्या कपाटांना आणि चौकटींना चांगलं.

राहिली एल्म, बासवुड आणि स्वीटगम. एल्मच्या पानाचं बूड कडुलिंबाच्या पर्णिकेसारखं एका बाजूला खाली घसरलेलं. बासवुडचं पान मोठं, हृदयाच्या आकाराचं, आणि लाकूड कोरीवकामाला लोण्यासारखं. स्वीटगमचं पान पाच टोकांची चांदणी आणि खाली काटेरी गोळे, अनवाणी चालू नका.

ब्लॅक वॉलनट आणि तुमचा टोमॅटो

अंगणात भाजी लावणाऱ्या मराठी घरांसाठी ही वेगळी गोष्ट. ब्लॅक वॉलनटच्या मुळांत, पानांत, फळांच्या टरफलांत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या आसपास टोमॅटो, वांगी, बटाटे अचानक माना टाकतात, आणि आपण पाणी कमी पडलं का याचाच विचार करत बसतो. मुळं झाडाच्या घेराच्या बरीच पलीकडे जातात, तेव्हा वाफा लांब घ्या किंवा उंच पेटीत वेगळी माती भरून लावा. पानं कंपोस्टमध्ये टाकू नका. खात्री करायची तर डहाळी उभी चिरा: आतला गर शिडीसारख्या पडद्यांनी कप्पे केलेला दिसतो. फळ टेनिसच्या चेंडूएवढं हिरवं, आणि त्याच्या सालीचे डाग बोटांवरून कित्येक दिवस जात नाहीत. लाकूड गर्द चॉकलेटी, बंदुकीच्या दस्त्यांसाठी आणि उंची फर्निचरसाठी जुन्या काळापासून मागणी असलेलं.

पायरी ५: अ‍ॅश असेल तर लगेच तपासा

आता माझ्या वाळलेल्या झाडाकडे येते. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातला चकचकीत हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तेव्हापासून त्याने कोट्यवधी अ‍ॅश झाडं मारली. अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं. बाहेर पडताना भुंगा जे भोक पाडतो ते एका बाजूने सपाट, अर्धगोल असतं, सुमारे ३-४ मिलिमीटरचं. शेंडा विरळ होणं, खोडाच्या बुडाशी अचानक फुटवे येणं आणि सुतारपक्ष्यांनी साल खरवडून खोड फिक्कट करणं, ही आधीची लक्षणं. झाड अजून बऱ्यापैकी भरलेलं असेल तर खोडात औषध टोचून वाचवता येतं, दर दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा द्यावं लागतं. पूर्ण वाळलेला अ‍ॅश लवकर ठिसूळ होतो, तो घरावर पडायची वाट बघू नका.

भुंगा दूरवर पोहोचला तो जळणाच्या लाकडातून. कॅम्पिंगला जाताना लाकूड घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. न्यू यॉर्क राज्यात तर प्रक्रिया न केलेलं जळण ५० मैलांपलीकडे न्यायला बंदीच आहे. बेसबॉलच्या बॅटी पिढ्यान्‌पिढ्या व्हाइट अ‍ॅशच्या होत होत्या. आता मोठे खेळाडू मुख्यतः मेपल वापरतात.

सराव कसा करायचा

रोजच्या वाटेवरची पाचच झाडं निवडा. प्रत्येकाचे चार फोटो घ्या: पूर्ण झाड, साल, डहाळीवरचे डोळे, पान दोन्ही बाजूंनी. फोनमधलं अ‍ॅप नाव सांगेल, पण ते नाव डहाळीवर पडताळून बघितल्याशिवाय वहीत लिहू नका. खाली पडलेलं पान शेजारच्या झाडाचंही असू शकतं. दर महिन्याला त्याच पाच झाडांकडे परत जा. मधे एखादा दिवस काढून नावांच्या पाट्या लावलेल्या वृक्षोद्यानात जा: बॉस्टनचं अर्नोल्ड आर्बोरेटम, शिकागोजवळ लाइलचं मॉर्टन आर्बोरेटम, ऑन्टारिओत हॅमिल्टनजवळचं रॉयल बोटॅनिकल गार्डन्स. पाटी झाकून आधी स्वतः ओळखायचं आणि मग बघायचं.

पायरी ६: शिकलेलं लाकडावर वापरा

पोळपाट करून बघा. हार्डवुडच्या वखारीत फळीची जाडी पाव इंचांत सांगतात. 'फोर क्वॉर्टर' म्हणजे रंधा मारण्याआधी एक इंच, रंधून पाऊण इंचाच्या आसपास उरते. किंमत बोर्ड फुटावर: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. फळी उलटसुलट बघू नका, तिचं कापलेलं टोक बघा. ओक आणि अ‍ॅशमध्ये, आपल्या सागवानातही, प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. मेपल, चेरी, बर्चची छिद्रं इतकी बारीक की लाकूड सलग वाटतं. पोळपाटाला सलग लाकूडच हवं, रेड ओकच्या छिद्रांत कणीक जाऊन बसते आणि निघत नाही. हार्ड मेपल सगळ्यात बरं. चेरी घेतलं तर ते उन्हाप्रकाशात हळूहळू तांबूस होत जातं.

कडा कानशीने गोल करा, पॉलिश पेपर १२० पासून २२० पर्यंत चढत्या क्रमाने फिरवा, एकदा ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून काढा. शेवटी खाद्योपयोगी मिनरल ऑइल कोमट करून मुरवा. घरातलं शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका, ते खवट होतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी जादा तेल पुसून घेतलं की पहिली पोळी लाटायला पोळपाट तयार.